झेब्रा फिंचची पहिली जोडी: मडकं कधी टांगायचं, कधी काढायचं

फिंच घरी आणल्यावर आठवड्याच्या आत जवळपास प्रत्येकजण एकच प्रश्न विचारतो, "अंडी कधी घालणार?" झेब्रा फिंचच्या बाबतीत ही काळजीच नको. दाणा, पाणी आणि घरट्यासाठी एक मडकं मिळालं की हा पक्षी अंडी घालतोच. शिकावं लागतं ते त्याला थांबवायला.

याचं कारण त्याच्या मूळ देशात आहे. झेब्रा फिंच ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला. तिथे पाऊस कधी येईल याचा नेम नाही. तो आला की गवत वाढतं, दाणा धरतं आणि तेवढ्या काळात पिल्लं उडती करावी लागतात. त्यामुळे वीण ठरावीक ऋतूची वाट बघत नाही, अनुकूल दिवस दिसले की सुरू होते. आपल्या पिंजऱ्यात दाणा रोज, पाणी रोज. म्हणजे त्या जोडीच्या लेखी सुगी संपतच नाही. माझ्या पहिल्या मादीने एका वर्षात सहा वेळा अंडी घातली आणि मी आनंदाने पिल्लं मोजत होतो. सातव्या वेळी अंडं पोटात अडकलं आणि ती गेली. वजन जेमतेम बारा-तेरा ग्रॅम, त्यात दर वेळी चार-पाच ग्रॅम अंड्यांचे. हा हिशोब मी तिच्या हयातीत केला नाही, याचं वाईट आजही वाटतं. म्हणून पुढचं सगळं सविस्तर सांगतो.

आधी कायद्याचं

आपल्याकडच्या मुनिया, म्हणजे लाल मुनिया, ठिपकेवाली मुनिया, पांढऱ्या कंठाची मुनिया, या सगळ्या रानपाखरं आहेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार त्यांना पकडणं, विकणं, पाळणं गुन्हा आहे. कोणी "देशी फिंच" म्हणून स्वस्तात देत असेल, तर घेऊ नका. रंग लावलेली पाखरंही विकली जातात. हिरवा किंवा गुलाबी रंग पिसांच्या मुळाशी फिका पडलेला दिसला की समजावं. लाल मुनियेचं शास्त्रीय नाव 'अमंडावा' आहे आणि ते अहमदाबादवरून पडलं, कारण एकेकाळी तिथून ही पाखरं पिंजऱ्यात भरून परदेशी जात. तो व्यापार आता नको.

झेब्रा फिंच आणि बंगाली फिंच या पिढ्यानपिढ्या पिंजऱ्यातच वाढलेल्या जाती आहेत, त्या पाळायला हरकत नाही. जावा चिमणी मात्र 'साइट्स' या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये येते, त्यामुळे ती पाळायची तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. नवशिक्याने झेब्रा फिंचपासूनच सुरुवात करावी. गोल्डियन फिंच दिसायला देखणी, पण नाजूक. दोन-तीन वर्षांचा हात बसल्यावर तिचा विचार करा.

जोडी निवडताना

राखाडी रंगाच्या मूळ जातीत नर-मादी ओळखणं सोपं. नराच्या गालावर नारिंगी ठिपका, छातीवर बारीक काळे पट्टे, पंखांखाली तांबूस कडेवर पांढरे ठिपके आणि चोच गडद लाल. मादी साधी राखाडी, चोच फिकट नारिंगी. पूर्ण पांढऱ्या पाखरांत या खुणा नसतात, तिथे फक्त चोचीचा रंग बघायचा. आणि गाणारा तो नर. मादी आवाज करते, गात नाही.

चोच अजून काळी असेल तर ते पिल्लू आहे. दुकानात पाखरं बघायला जाल तेव्हा पिंजऱ्यापासून दोन पावलं लांब, पाच-दहा मिनिटं शांत उभे राहा. जवळ गेल्यावर आजारी पाखरूही अंग आवरून ताठ बसतं. कमजोरी लपवणं हा छोट्या पाखराचा स्वभाव आहे. लांबून बघितलं की पिसं फुगवून कोपऱ्यात बसलेलं, शेपूट श्वासाबरोबर खालीवर हलणारं, मागची पिसं विष्ठेने चिकटलेली, असं काही असेल तर कळून येतं. एकाच पिंजऱ्यातलं एक पाखरू असं दिसलं तर त्या पिंजऱ्यातलं कुठलंच घेऊ नका.

नर एका दुकानातून आणि मादी दुसरीकडून घ्या, म्हणजे भावंडांची जोडी लागण्याची शक्यता कमी होते. डोक्यावर तुरा असलेली दोन पाखरं एकमेकांना लावू नका. दोन्हीकडून तुऱ्याचा गुण आलेलं पिल्लू अंड्यातच मरतं. संख्येचंही सांगून ठेवतो. एक जोडी ठेवा, नाहीतर मोठ्या पिंजऱ्यात तीन किंवा जास्त जोड्या. दोन जोड्यांत भांडणं लागतात, आणि तीनच पाखरं ठेवली तर एकाचे हाल होतात. एकटं पाखरू तर कधीच ठेवू नये. हा थव्यात राहणारा पक्षी आहे. जोडीदाराला चिकटून बसायचं, एकमेकांची मान चोचीने साफ करायची, यातच त्याचा दिवस जातो.

नवीन पाखरं जुन्यांत मिसळण्याआधी महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवा.

पिंजरा आणि जागा

फिंच आडवी उडते, त्यामुळे उंच, गोल, घुमटाचे शोभेचे पिंजरे तिच्या कामाचे नाहीत. एका जोडीला किमान अडीच फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच पिंजरा हवा. तारांमधलं अंतर अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको; पोपटाच्या पिंजऱ्यातून ही पाखरं सहज निसटतात. नव्या जस्ती जाळीचा पिंजरा असेल तर व्हिनेगरने घासून, धुऊन, चांगला वाळवून मगच पाखरं सोडा, कारण सुटा जस्त पोटात गेला तर विषबाधा होते.

बसायला दुकानातल्या गुळगुळीत प्लास्टिकच्या दांड्या काढून टाका आणि पेरूच्या किंवा कडुलिंबाच्या फांद्या लावा. करंगळीएवढ्या जाड, कुठे कमी कुठे जास्त. पायाची पकड बदलत राहिली की तळव्याला फोड येत नाहीत. दांडीखाली दाण्याची वाटी येणार नाही असं बघा.

पिंजरा भिंतीला टेकून, डोळ्यांच्या उंचीवर, सकाळचं कोवळं ऊन येईल पण दिवसभर सावली मिळेल अशा जागी. स्वयंपाकघर नको. नॉनस्टिक तवा रिकामा तापला की त्यातून निघणारा वायू पाखरांना काही मिनिटांत मारतो. मच्छर अगरबत्ती, धूप, फवारणीची औषधं, दिवाळीतला धूर यांपासूनही दूर. पंख्याच्या झोतात नको. रात्री दहा-बारा तास अंधार हवा, पण अंधारात अचानक दिवा लागला किंवा मांजर आलं तर ती घाबरून पिंजऱ्यावर आपटतात, म्हणून खोलीत अगदी मंद दिवा राहू द्यावा.

मुंग्यांना कमी लेखू नका. घरट्यातल्या ओल्या पिल्लाला तांबड्या मुंग्या लागल्या तर सकाळी काही उरत नाही. जुन्या घरांत दुधाच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवत, तसंच पिंजऱ्याच्या स्टँडखाली ठेवा. मुंग्या मारायच्या खडूने रेषा मारू नका, त्यात कीटकनाशक असतं. गॅलरीत पिंजरा असेल तर बाहेरून आणखी एक बारीक जाळी हवी. कावळा, शिक्रा, मांजर आणि रात्री उंदीर, सगळे टपलेले असतात.

दाणा, पाणी, हिरवं

मुख्य दाणा राळा. त्यात थोडी बाजरी, टरफलासकट वरी, जमलं तर चिमूटभर नाचणी. किराणा दुकानातली भगर म्हणजे सोललेली वरी. ती चालते, पण फिंचला दाणा सोलून खायचा असतो आणि टरफल असलेला दाणा टिकतोही जास्त. एका पाखराला दिवसाला साधारण चहाचा एक चमचा पुरतो.

नवीन लोकांची पाखरं उपाशी मरतात ती इथे: फिंच टरफल वाटीतच टाकते. संध्याकाळी वाटी काठोकाठ भरलेली दिसते आणि प्रत्यक्षात वरचा सगळा थर कोंडा असतो. एवढ्या छोट्या पाखराला एक दिवसाचा उपासही झेपत नाही. रोज सकाळी वाटीवर फुंकर मारा, कोंडा उडवा, मग ठरवा किती घालायचं.

समुद्रफेस, म्हणजे माकुळाच्या पाठीतलं पांढरं हाड, पिंजऱ्याला कायम अडकवलेला असावा. आयुर्वेदिक काष्ठौषधींच्या दुकानातही मिळतो. तो नसेल तर कोंबडीच्या अंड्याची टरफलं दहा मिनिटं उकळून, वाळवून, बारीक कुटून द्या. मादीच्या अंड्याचं कवच यातूनच बनतं. हिरवं म्हणून कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा पाला, पालक कधीतरीच. भाजी फवारणीची असते असं धरून अर्धा तास पाण्यात ठेवून चांगली धुवा. मोड आलेला राळा त्यांना फार आवडतो, पण तो आंबट वास येईपर्यंत वाटीत राहता कामा नये. अव्होकॅडो, चॉकलेट, कांदा-लसूण आणि मिठाचं काहीही बंद.

पाणी रोज बदला, उन्हाळ्यात दोनदा. अंघोळीला उथळ ताटली द्या, तासाभराने काढून घ्या. पावसाळ्यात दाण्याला ओल लागली आणि बुरशीचा वास आला तर ऊन देऊन वापरायच्या भरीस पडू नका, टाकून द्या. बुरशीचं विष वाळवल्याने जात नाही.

वीण: मडकं टांगण्याआधी

पाखरं तीन महिन्यांत वयात येतात, पण मडकं द्यायचं ते मादी किमान आठ-नऊ महिन्यांची झाल्यावर. त्याआधी अंडं अडकण्याचा धोका जास्त. दिवस निवडायचे तर आमच्या सोलापुरात मी ऑक्टोबर ते फेब्रुवारी एवढाच काळ धरतो. मार्चनंतर पारा चढत जातो आणि बंद मडक्यात पिल्लं होरपळतात. कोकणात ऐन पावसाळा टाळा, घरटं ओलं राहतं.

मडकं टांगण्याच्या दोन आठवडे आधीपासून उकडलेलं अंडं कुस्करून, टरफलासकट, जोडीला चहाचा अर्धा चमचा द्या. आपल्याकडच्या उष्णतेत ते दोन तासांत उचलायचं. समुद्रफेस नवा लावा. मादी चपळ आणि भरलेली दिसली की मडकं.

मातीचं, पाच-सहा इंच व्यासाचं, बाजूने दोन इंचांचं तोंड असलेलं मडकं पिंजऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात घट्ट बांधा, हलता कामा नये. तळाला बारीक भोक असलं तर चांगलं. आतमध्ये थोडं वाळलेलं मऊ गवत तुम्हीच घाला; बाकी पिंजऱ्याच्या तळाशी ठेवा, नर एकेक काडी उचलून नेईल. वाळलेली हरळी उत्तम. काथ्या द्यायचा तर तीन-चार इंचांचे तुकडे करून. सुतळी, दोरा, केस, कापडाच्या दशा अजिबात नकोत. माझ्याकडच्या एका पिल्लाच्या बोटात काथ्याचा लांब धागा गुंडाळला गेला होता, ते बोट वाळून गळून पडलं.

पहिलं अंडं दिसलं की पिंजऱ्यातलं उरलेलं गवत काढून घ्या. नराला काडी दिसली की तो ती आत नेतोच. मग अंड्यांवर गवताचा दुसरा थर बसतो, त्यावर मादी पुन्हा अंडी घालते आणि खालची गार पडून वाया जातात.

अंडी ते उडती पिल्लं

रोज सकाळी एक, अशी चार ते सहा अंडी. पहिल्या अंड्यापासून ती नीट बसली नाहीत तर घाबरू नका, तिसऱ्या-चौथ्या अंड्यानंतर उबवणं पक्कं होतं. नर-मादी आळीपाळीने बसतात. बारा ते चौदा दिवसांत पिल्लं फुटतात.

या काळात मडक्यात डोकावण्याचा मोह आवरा. एकदाच, बसायला लागल्यापासून सहाव्या-सातव्या दिवशी, दोघंही बाहेर असताना मोबाइलच्या टॉर्चवर अंडं धरून बघा. लाल शिरांचं जाळं दिसलं तर आत जीव आहे. स्वच्छ पिवळसर दिसलं तर पोकळ. पोकळ अंडी लगेच काढू नका. काढली तर मादी आठवड्यात नवी घालते आणि तिची शक्ती जाते. बसून बसून कंटाळली की ती स्वतः सोडेल.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ऑस्ट्रेलियातल्या डीकिन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की हवा २६ अंशांच्या वर गेली की झेब्रा फिंचचे आईबाप उबवणीच्या शेवटच्या दिवसांत अंड्यांशी एका वेगळ्या आवाजात बोलतात. ती हाक ऐकलेली पिल्लं उष्ण घरट्यात वाढताना अंगाने लहान राहतात, आणि उन्हाळ्यात लहान अंग सोयीचं. माझी मादी मडक्यात एकटी बसून बारीक, झपाझप आवाज करायची तेव्हा मला तो तक्रारीचा सूर वाटायचा. आता तो आवाज आला की मी खोलीतला रेडिओ बंद करतो.

पिल्लं फुटली की रोज सकाळ-संध्याकाळ ताजा मऊ खुराक: उकडलेलं अंडं, मोड आलेला राळा, बारीक चिरलेली कोथिंबीर. पिल्लाच्या मानेच्या बाजूची पिशवी कातडीतून दिसते, त्यात दाणे भरलेले दिसले की आईबाप नीट भरवताहेत. आठवड्याभरात डोळे उघडतात, मग पिसांचे काटे फुटतात.

पिल्लू मडक्याबाहेर पडलेलं सापडलं तर ते गार लागतं म्हणून मेलं असं धरू नका. मुठीत धरून पाच-दहा मिनिटं ऊब द्या. हललं तर परत ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आई टाकून देते, हे या पाखरांच्या बाबतीत खरं नाही. वारंवार पिल्लं बाहेर टाकली जात असतील तर मऊ खुराक कमी पडतोय, पिंजऱ्याजवळ वर्दळ फार आहे, किंवा जोडी अजून कोवळी आहे, असं कारण शोधा.

अठरा ते एकवीस दिवसांत पिल्लं बाहेर येतात. उडणं अडखळतं असतं, म्हणून एक फांदी खाली लावा आणि पाण्याच्या ताटलीत चार खडे टाका, नाहीतर पिल्लं बुडतात. पुढचे दोन आठवडे आईबाप भरवत राहतात.

मडकं काढण्याचा दिवस

पिल्लं बाहेर येऊन चार-पाच दिवस झाले, ती फांदीवर झोपायला लागली, की मडकं काढा. नर तोवर पुन्हा गाणं म्हणत मादीभोवती नाचायला लागलेला असतो. अंड्याचा खुराक पिल्लं स्वतः दाणे सोलू लागेपर्यंतच, मग बंद. साधा दाणा आणि हिरवं. मादी दाण्याच्या वाटीतच बसायला लागली तर अरुंद वाटी लावा. तिथेही अंडी घातली तर त्यांच्या जागी प्लास्टिकची खोटी अंडी ठेवा आणि तिला त्यावर बसून कंटाळू द्या. एवढं करूनही थांबली नाही तर जोडी दोन-तीन महिने वेगळी करून शेजारच्या पिंजऱ्यात ठेवा, एकमेकांना बघता-ऐकता येईल अशी.

वर्षात दोन वेळा वीण, फार तर तीन, आणि मध्ये काही महिन्यांची सलग विश्रांती. पिल्लं विकून खर्च निघतो म्हणून पुढचं मडकं टांगणारे लोक मी बघितलेत. त्यांच्या माद्या दोन वर्षांत संपतात. नीट सांभाळली तर हीच मादी सहा-सात वर्षं सोबत करते.

मडकं पुन्हा वापरू नका. वापरायचंच तर उकळत्या पाण्याने धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवा. रात्री पाखरांचं रक्त पिणारे लालसर माइट त्याच फटींत दडतात. रात्री पिंजऱ्यावर पांढरं कापड टाका आणि सकाळी बघा, त्यावर तांबडे ठिपके चालताना दिसले तर ते माइट.

आजारपण आणि उन्हाळा

पिसं फुगवून जमिनीवर बसलेली मादी, वीणकाळात, म्हणजे अंडं अडकलंय असं धरून चाला. तिला खोक्यात ठेवा, बाजूला चाळीस वॅटचा जुना पिवळा बल्ब, आतली हवा तीस अंशांच्या आसपास, शेजारी ओलं फडकं. चोचीच्या कडेला पातळ कॅल्शियमचा एक थेंब. पोट दाबू नका. तासा-दोन तासांत अंडं आलं नाही तर पक्ष्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे जा. अशा डॉक्टरांचा नंबर पाखरं आणायच्या दिवशीच फोनमध्ये असावा, कारण फिंचला आजारात दुसरा दिवस क्वचितच मिळतो.

उन्हाळ्यात इथे पारा बेचाळीसच्या वर जातो. पाखरं चोच उघडी ठेवून, पंख अंगापासून लांब धरून बसली की त्यांना उकाडा सोसवत नाहीये. पिंजऱ्याच्या एका बाजूला ओलं गोणपाट टांगा, दुसरी बाजू मोकळी ठेवा, अंघोळीची ताटली दिवसातून दोनदा द्या. कूलरचा थेट झोत नको.

पिल्लांचं पुढे

साधारण सहा आठवड्यांनी पिल्लांची काळी चोच नारिंगी होते आणि बाप त्यांना हाकलायला लागतो. तेव्हा वेगळी करा, पण फार लांब नाही. नर पिल्लं गाणं बापाकडून शिकतात, साधारण पंचविसाव्या दिवसापासून तीन महिन्यांची होईपर्यंत. बाप ऐकू येत नसेल तर गाणं अर्धवट राहतं. म्हणून मी त्यांचा पिंजरा बापाच्या पिंजऱ्याला लागून ठेवतो आणि तीन महिन्यांआधी कोणालाच पिल्लं देत नाही. नर आणि मादी ओळखू आल्या की त्यांनाही वेगवेगळं करा, भावंडं आपसात जोड्या लावतात.

जास्त झालेली पाखरं बाहेर सोडू नका. ती इथली नाहीत, दोन दिवसांत मरतात. मडकं टांगण्याआधी पिल्लं कोणाकडे जाणार हे ठरलेलं असावं, आणि घर ठरलं नसेल तर मडकं टांगू नये. देताना एकटं पिल्लू देऊ नका, दुसऱ्या पाळणाऱ्याच्या पिल्लाशी अदलाबदल करून बिननात्याची जोडी लावून द्या. सोबत आपल्याकडचा किलोभर राळा बांधून द्या, नव्या घरात पहिले पंधरा दिवस तोच खाऊ दे. आणि ज्यांच्या हातात पिंजरा देताय त्यांना तिथेच, उभ्या उभ्या, वाटीवरचा कोंडा फुंकून दाखवा.